चुकीचा भुर्दंड कोणी सोसावा?

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष आणि नियम समितीचे सन्माननीय सभासद यांस,



5 ऑगस्ट 2022 रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला संघांमध्ये हॉकीचा जो उपान्त्य सामना झाला, त्याच्या शेवटी घडलेल्या एका प्रसंगाविषयी आपणांपुढे काही निवेदन करावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. त्या सामन्याला काळ लोटला, पदके ज्यांची त्यांना मिळाली, आणि दोन्ही संघ त्यानंतर कितीतरी स्पर्धा खेळले; तेव्हा मिटलेले प्रकरण दप्तरातून पुन्हा बाहेर काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रयोजन इतकेच की, त्या रात्रीचा निकाल कायम झालेला असला तरी ज्या तत्त्वावर तो निर्णय दिला गेला ते तत्त्व मला सदोष वाटते. आणि तत्त्वातील दोष हा निकालाप्रमाणे एका रात्रीत संपून जात नाही, तो पुढच्या प्रत्येक सामन्यात तसाच दबा धरून बसलेला असतो. निकाल फिरवावा अशी माझी मागणी नाही. ज्या नियमाच्या आधारे एका खेळाडूचे निर्दोष यश रद्दबातल ठरले, त्या नियमाचा आपण फेरविचार करावा, एवढीच माझी दरखास्त आहे.

हकीकत आपणांस ठाऊक आहे. तरीही खुल्या पत्राचे वाचक अनेक असतात, म्हणून ती थोडक्यात नमूद करतो. सामन्याच्या दहाव्या मिनिटाला रिबेका ग्राइनर हिने ऑस्ट्रेलियासाठी गोल केला. भारतीय संघाने ती पिछाडी दीर्घकाळ धीराने सोसली आणि अखेरच्या सत्रात, एकोणपन्नासाव्या मिनिटाला, वंदना कटारिया हिने बरोबरी साधली. साठ मिनिटांचा खेळ 1-1 असा संपला आणि निवाडा शूटआऊटवर आला. भारताची कर्णधार सविता पूनिया ही स्वतःच गोलरक्षक होती. ऑस्ट्रेलियाची पहिली खेळाडू अँब्रोसिया मलोन चेंडू घेऊन निघाली, सविता पुढे सरसावली, आणि तिने तो प्रयत्न निष्फळ केला. भारतीय खेळाडूंच्या मनात आशा पालवते न पालवते तोच असे जाहीर झाले की, घड्याळ सुरूच झाले नव्हते. सबब झालेला प्रयत्न जमेस धरता येत नाही आणि मलोन हिने तो पुन्हा करावा. तिने तो पुन्हा केला आणि या खेपेस गोल झाला. पुढे केटलिन नॉब्ज आणि एमी लॉटन यांनीही गोल केले; भारताच्या ललरेमसियामी, नेहा गोयल आणि नवनीत कौर या तिघींनाही गोल करता आला नाही; आणि शूटआऊट 3-0 असे ऑस्ट्रेलियाच्या पदरात पडले.

यानंतर आपल्या महासंघाने जे निवेदन प्रसिद्ध केले, त्याचा उल्लेख मी आदरपूर्वक करतो. घड्याळ चालू करण्याची तयारी झालेली नसताना शूटआऊट चुकीने लवकर सुरू झाले, हे आपण मान्य केलेत. त्याबद्दल क्षमा मागितलीत. अशा प्रसंगी प्रयत्न पुन्हा करावयाचा असतो आणि त्याप्रमाणे तो केला गेला, असा खुलासा केलात. आणि पुन्हा असे घडू नये यासाठी घटनेची कसून तपासणी करण्याचे अभिवचन दिलेत. मोठ्या संस्था आपली चूक सहसा कबूल करीत नाहीत. आपण ती विलंब न लावता कबूल केलीत, हे आपणांस भूषणावहच आहे. परंतु त्याच निवेदनातील एका वाक्यापाशी मन अडखळते. चूक यंत्रणेची होती असे एकीकडे म्हणावयाचे, आणि ठरलेल्या पद्धतीप्रमाणे प्रयत्न पुन्हा झाला म्हणजे न्याय झाला असे दुसरीकडे सुचवावयाचे, या दोन विधानांचा मेळ कसा घालावा? पद्धत पाळली गेली हे खरे. पण ती पद्धतच न्याय्य आहे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, आणि या पत्राचा सारा रोख त्याच प्रश्नावर आहे.

शूटआऊट हा प्रकार काय आहे, हे आपणांस सांगणे धार्ष्ट्याचे होईल. पण विषय त्याच्याच स्वरूपाशी निगडित असल्यामुळे दोन शब्द लिहिणे भाग आहे. बरोबरीचा सामना निकालात काढण्यासाठी पूर्वी 6.40 मीटरवरून पेनल्टी स्ट्रोक मारले जात. त्यात चेंडू स्थिर, अंतर ठरलेले आणि गोलरक्षक आपल्या रेषेला जखडलेला असे. त्याच्या जागी आलेल्या शूटआऊटमध्ये आक्रमक खेळाडू 23 मीटरच्या रेषेवर चेंडूजवळ उभी असते, गोलरक्षक गोलरेषेवर असते, आणि पंचांची शिट्टी होताच दोघींनाही मोकळीक मिळते. एकीने पळावे, थांबावे, वळावे, हुलकावणी द्यावी. दुसरीने पुढे यावे, कोन बंद करावा, आडवे पडावे, चेंडू परतला तर पुन्हा उठून उभे राहावे. आणि हे सर्व आठ सेकंदांच्या मुदतीत. हॉकीच्या खेळात जे जे कौशल्य आहे त्यातील बराचसा अर्क या आठ सेकंदांत उतरलेला असतो, म्हणूनच हा बदल खेळाच्या हिताचा झाला असे मी मानतो. पण त्याबरोबरच हेही ध्यानात घ्यावयास हवे की, या द्वंद्वात उतरलेल्या दोघी खेळाडू घड्याळाकडे पाहून सुरुवात करीत नाहीत. त्यांचे कान शिट्टीकडे लागलेले असतात. शिट्टी हाच त्यांना मिळालेला हुकूम असतो, आणि त्या हुकमाची अंमलबजावणी करण्यापलीकडे त्यांच्या हाती काहीही नसते. घड्याळ तयार आहे की नाही, ते कोणाच्या हाती आहे, त्याची कळ दाबली गेली की नाही, या गोष्टींची शहानिशा करण्याचा अधिकारही त्यांना नाही आणि तशी सवडही नाही.

आता मुख्य मुद्दा मांडतो. झालेला प्रयत्न रद्द करून तो पुन्हा घ्यावयाचा, ही तोड वरवर पाहता अगदी निःपक्षपाती दिसते. दोन्ही पक्षांना पूर्वस्थितीवर नेऊन ठेवले, आता कोणाचे नुकसान राहिले, असे कोणासही वाटेल. परंतु पुनरावृत्तीचा आदेश दिला जातो तेव्हा प्रयत्नाचा परिणाम उघड होऊन चुकलेला असतो. त्या द्वंद्वात एक यशस्वी झालेली असते आणि दुसरी अपयशी. अशा वेळी पुनरावृत्ती म्हणजे जी अपयशी ठरली तिला दुसरी संधी, आणि जी यशस्वी झाली तिच्या यशाची जप्ती, याशिवाय दुसरे काय आहे? मलोन हिने पहिल्याच प्रयत्नात गोल केला असता आणि तो घड्याळाच्या कारणाने रद्द झाला असता, तर अन्याय ऑस्ट्रेलियावर झाला असता, आणि हे पत्र मी तितक्याच तळमळीने लिहिले असते. सांगावयाचे ते हे की, ही पद्धत अमुक देशाच्या बाजूची किंवा विरुद्ध नाही. ती नेहमी आणि न चुकता त्या खेळाडूच्या विरुद्ध आहे, जिने आपले काम चोख बजावले. जी पद्धत प्रत्येक वेळी गुणवंतालाच दंड करते तिला तटस्थ म्हणता येणार नाही.

याला जोडून गोलरक्षकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. गोल झाला की त्याची नोंद होते, फलकावर आकडा चढतो, गोल करणाऱ्या खेळाडूचे नाव कायमचे दप्तरी लागते. गोल अडविला गेला तर फलकावर काहीच बदलत नाही. गोलरक्षकाचे यश हे अभावरूप असते, जे घडू शकले असते ते घडले नाही एवढाच त्याचा पुरावा. म्हणूनच ते पुसून टाकणे सोपे वाटते. नोंदलेला गोल रद्द करताना पंचाचा हात जरा तरी कचरेल, परंतु अडविलेला गोल रद्द करताना आपण कोणाच्या मालकीचे काही काढून घेत आहोत, ही जाणीवच चटकन होत नाही. तो अडविण्यासाठी सविताने खर्ची घातलेले साहस, अंदाज आणि वर्षानुवर्षांची तालीम हे सारे काही झालेच नाही, असे आपण एका इशाऱ्यासरशी ठरविले. आणि मग तिला सांगितले की, आता तेच पुन्हा एकदा करून दाखव.

नियमपुस्तकात पुनरावृत्तीची तरतूद अन्यत्रही आहे, हे मी विसरलेलो नाही. गोलरक्षकाकडून अजाणतेपणी नियमभंग झाला तर शूटआऊटचा प्रयत्न पुन्हा घेतला जातो. तिने हेतुपुरस्सर नियम मोडला तर आक्रमक संघास पेनल्टी स्ट्रोक मिळतो. आणि आक्रमक खेळाडूने नियम मोडला तर तिचा प्रयत्न तेथेच संपतो. या तिन्ही तरतुदींच्या मुळाशी एकच न्यायबुद्धी दिसते: ज्याच्याकडून कसूर झाली त्याने तिचे परिणाम सोसावेत, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मिळावी. गोलरक्षकाच्या चुकीमुळे आक्रमक खेळाडूची संधी हुकली, तर ती संधी तिला परत मिळणे रास्तच आहे. पण बर्मिंगहॅमला कसूर कोणाची होती? सविताची नव्हती, मलोनचीही नव्हती. कसूर यंत्रणेची होती, आणि तसे आपणच लिहून दिले आहे. दोन पक्षांपैकी एकाच्या अपराधावर योजलेला उपाय तिसऱ्याच्या अपराधाला लावला, की त्याचा न्यायाशी असलेला संबंध तुटतो, आणि निरपराध्याला शिक्षा होऊन अपराध करणारा केवळ दिलगिरी व्यक्त करून मोकळा होतो.

या बाबतीत न्यायालयांचा अनुभव मार्गदर्शक ठरावा. न्यायालयाच्या स्वतःच्या कृतीमुळे कोणत्याही पक्षकाराचे नुकसान होता कामा नये, हे तत्त्व न्यायशास्त्रात फार जुने आहे. 1963 साली आमच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक अपील आले होते. एका शेतजमिनीच्या हक्काच्या दाव्यात वादीने ठराविक रक्कम ठराविक मुदतीत न्यायालयात भरावयाची होती. तो मुदतीच्या कितीतरी आधी रक्कम भरण्यास हजर झाला. न्यायालयाच्या दप्तरातून त्याला जे चलन करून मिळाले त्यात एक रुपया कमी लिहिला गेला होता. त्याने चलनाप्रमाणे भरणा केला. आणि पुढे प्रतिपक्षाने हरकत घेतली की, पूर्ण रक्कम मुदतीत न भरल्यामुळे त्याचा हक्क बुडाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालपत्रात ही हरकत फेटाळली गेली. न्यायालयाच्या कारकुनाची चूक पक्षकाराच्या माथी मारता येत नाही. चूक झाली नसती तर तो ज्या स्थितीत असता त्या स्थितीत त्याला आणून ठेवणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असा त्या निवाड्याचा आशय होता. एका रुपयाच्या चुकीसाठी ज्या तत्त्वाचा एवढा कसोशीने अवलंब झाला, ते तत्त्व क्रीडांगणावरील पंचमंडळालाही लागू पडावयास काही हरकत असू नये. कारण क्रीडांगणावर पंच हेच न्यायासन असते आणि घड्याळ चालविणारा हा त्या न्यायासनाचाच अधिकारी असतो.

घड्याळाच्या चुकांनी खेळाडूंना किती दीर्घकाळ सलणारी दुःखे दिली आहेत, याचे दाखले क्रीडेच्या इतिहासात आहेत. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याचे अखेरचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळविले गेले. 50-49 अशी आघाडी असलेला अमेरिकेचा संघ शेवटी 51-50 असा सोव्हिएट संघाकडून हरला. अपील 3 विरुद्ध 2 मतांनी फेटाळले गेले. आणि अमेरिकेच्या खेळाडूंनी आपली रौप्यपदके आजतागायत स्वीकारलेली नाहीत. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीच्या उपान्त्य लढतीत दक्षिण कोरियाची शिन आ-लाम आणि जर्मनीची ब्रिटा हाइडेमान यांच्यात शेवटचा एक सेकंद असा लांबला की, त्या एका सेकंदात एकापाठोपाठ एक चढाया झाल्या आणि अखेरची चढाई हाइडेमानला विजय देऊन गेली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिन तेथेच, लढतीच्या पट्ट्यावर, डोळ्यांतून अश्रू वाहत असताना बसून राहिली. आणि अपील फेटाळले गेले. या दोन्ही प्रकरणांतील तपशील बर्मिंगहॅमपेक्षा भिन्न आहेत. पण त्या सर्वांतून एक समान सूत्र निघते. वेळ मोजणाऱ्यांच्या हातून काही बिघडले, आणि जे बिघडले ते निस्तरण्याचा सारा भार खेळणाऱ्यांवर पडला. जुन्या प्रकरणांतून धडा घेण्यासाठी एका क्रीडाप्रकाराने दुसऱ्याच्या इतिहासाकडे पाहण्यात कमीपणा नाही.

माझ्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शूटआऊटला आठ सेकंदांची मुदत आहे. मुदत मोजलीच गेली नसेल तर प्रयत्न मुदतीत झाला की नाही हे ठरणार कसे, आणि न मोजलेला प्रयत्न वैध कसा मानावा, असे विचारले जाईल. याचे उत्तर असे की, मुदत ही आक्रमक खेळाडूवर घातलेली मर्यादा आहे. तिने आठ सेकंदांच्या पलीकडे वेळ घेऊ नये, एवढाच त्या मर्यादेचा हेतू. आक्रमणाचा प्रयत्न अडविला गेला असेल, तर मुदत मोजली न गेल्याने बचाव करणाऱ्या पक्षाचा कोणताच लाभ झालेला नसतो. उलट झाला असलाच तर आक्रमक खेळाडूला अधिक वेळ मिळण्याचाच संभव. तेव्हा घड्याळ बंद असतानाही जी गोलरक्षक चेंडू अडविते, तिचे यश मुदतीच्या शंकेने कलंकित होण्याचे कारण नाही. राहिला प्रश्न झालेल्या गोलाचा. तेथे मुदतीची शंका रास्त ठरेल. पण आजच्या काळात आंतरराष्ट्रीय सामन्याचा प्रत्येक क्षण चित्रित होतो, आणि शिट्टीपासून गोलापर्यंत किती सेकंद गेले हे त्या चित्रणावरून काही मिनिटांत निश्चित करता येते. मोजमाप चुकले म्हणून घडलेली गोष्ट नाहीशी होत नाही. तिचे मोजमाप नंतरही करता येते, आणि ते करण्याचे साधन आपल्यापाशी आहे.

हे लिहीत असताना माझ्या देशबांधवांनाही दोन शब्द सांगणे मला आवश्यक वाटते. त्या रात्री, भारतात मध्यरात्र उलटून गेलेली असताना, संतापाच्या भरात अनेकांनी पक्षपाताचा आरोप केला. गोऱ्या देशांच्या यंत्रणा आमच्याविरुद्ध एक होतात, असेही बोलले गेले. अशा आरोपाला माझ्यापाशी पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून केलेला आरोप न्यायाची बाजू दुबळी करतो. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी काहीही गैर केले नाही. मलोन हिला पुन्हा प्रयत्न करण्यास सांगितले गेले आणि तिने तो कौशल्याने केला. पहिला प्रयत्न वाया गेलेला मानला, तरी पुढचे दोन गोल ऑस्ट्रेलियाचेच होते आणि आमचे तीनही प्रयत्न फुकट गेले. म्हणून घड्याळ वेळेवर चालले असते तर भारत जिंकलाच असता, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. शिवाय 2002 साली मँचेस्टर येथील राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ममता खरब हिने जादा वेळात केलेल्या गोलावर भारताने इंग्लंडला 3-2 असे हरवून सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तो गोलही वादग्रस्त ठरला होता आणि इंग्लंडने घेतलेली हरकत फेटाळली गेली होती, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे. निर्णय आपल्या बाजूने गेला की तो खेळाचा भाग, आणि विरुद्ध गेला की अन्याय, अशी दुटप्पी भूमिका घेणाऱ्याला नियमाच्या दुरुस्तीची मागणी करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. मी जे मागतो आहे ते ज्या दिवशी भारताच्या विरुद्ध जाईल त्या दिवशीही मला मान्य असेल.

तथापि एका उपान्त्य सामन्याचे मोल सर्वांना सारखे नसते, ही वस्तुस्थिती आपणांपुढे मांडणे मला भाग आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी 1908 साली आली. स्त्रियांच्या हॉकीला त्यासाठी 1980 पर्यंत तिष्ठत राहावे लागले. मॉस्कोच्या त्या पहिल्याच स्पर्धेत भारतीय महिला चौथ्या आल्या, 1982 साली महाराष्ट्राच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि असे असूनही ऑलिंपिकचे मैदान त्यांना पुन्हा दिसले ते 2016 साली, रिओमध्ये, म्हणजे 36 वर्षांनी. राष्ट्रकुल स्पर्धेत मँचेस्टरचे सुवर्ण आणि 2006 चे मेलबर्नमधील रौप्य यांच्यानंतर सोळा वर्षे पदक नव्हते. ऑस्ट्रेलियाने तोवर चार सुवर्णपदके जिंकली होती. बर्मिंगहॅमच्या एकच वर्ष आधी, टोकियो ऑलिंपिकच्या उपउपान्त्य सामन्यात, गुरजित कौरच्या एकमेव गोलाच्या बळावर याच ऑस्ट्रेलियाला नमवून भारतीय महिला प्रथमच ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत पोचल्या होत्या. सविता ही सिरसा जिल्ह्यातील जोधकां गावची, वंदना हरिद्वारजवळच्या रोशनाबादची, ललरेमसियामी मिझोरममधील कोलासिबची. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील वैष्णवी फाळके पुढे हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या संघात होती. मैदाने दूर, साधने अपुरी, घरची परिस्थिती बेताची, अशा वाटांवरून चालत या मुली जेथवर येतात, तेथे वर्षानुवर्षांच्या श्रमांचा निवाडा कधीकधी आठ सेकंदांत होतो. जानेवारी 2024 मध्ये रांचीच्या पात्रता स्पर्धेत जर्मनीविरुद्ध उपान्त्य सामना 2-2 असा सुटला, शूटआऊटमध्ये भारत 3-4 असा हरला, पुढचा सामना जपानने 1-0 असा जिंकला, आणि पॅरिसचे दार मिटले. त्या पराभवाबद्दल कोणाचीही तक्रार नाही; तो उघड, स्वच्छ आणि मान्य करण्याजोगा पराभव होता. मैदानावर हरलेला खेळाडू पुन्हा उभा राहतो. न हरता हरविला गेलेला खेळाडू मात्र मनात कुढत राहतो, कारण आपण काय सुधारावयाचे हेच त्याला कळत नाही.

बर्मिंगहॅमच्या त्या मुलींनी कुढत बसण्याचे नाकारले, ही गोष्ट इतिहासात नमूद व्हावी. 7 ऑगस्ट रोजी कांस्यपदकासाठी त्या न्यूझीलंडविरुद्ध उतरल्या. सलीमा टेटे हिच्या गोलाने मिळालेली आघाडी त्यांनी शेवटच्या क्षणांपर्यंत राखली; सामना संपण्यास अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरला असताना पेनल्टी स्ट्रोकवर न्यूझीलंडने बरोबरी केली; आणि ज्या शूटआऊटने दोनच दिवसांपूर्वी त्यांचे काळीज चिरले होते, तेच पुन्हा समोर येऊन ठाकले. सविता गोलात उभी राहिली आणि भारताने ते शूटआऊट 2-1 असे जिंकले. सोळा वर्षांनी पदक आले. या धैर्याचा गौरव करावा तेवढा थोडाच. परंतु खेळाडूंचे धैर्य थोर आहे म्हणून यंत्रणेची जबाबदारी हलकी होते, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

आता माझ्या दरखास्तीचा तपशील. पहिली गोष्ट, वेळ नोंदणाऱ्या अधिकाऱ्याने तयारीचा स्पष्ट, दृश्य इशारा दिल्याखेरीज पंचांनी शूटआऊटची शिट्टी वाजवू नये, आणि तो इशारा दोन्ही संघांना दिसेल अशी तजवीज असावी. दुसरी गोष्ट, मुख्य घड्याळाखेरीज दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती एक स्वतंत्र घड्याळ असावे, म्हणजे चित्रणाची सोय नसलेल्या लहान स्पर्धांतही मोजमाप हरवणार नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, एकदा शिट्टी झाली की तो प्रयत्न वैध समजावा. यंत्रणेच्या दोषास्तव तो रद्द होऊ नये. प्रयत्न अडविला गेला असेल तर निकाल जागच्या जागी कायम राहावा. गोल झाला असेल तर चित्रणावरून किंवा दुसऱ्या घड्याळावरून आठ सेकंदांची खातरजमा करून तो मंजूर वा नामंजूर व्हावा. चौथी गोष्ट, कोणत्याही उपायाने खातरजमा होणे अशक्य असेल अशाच विरळा प्रसंगी पुनरावृत्ती व्हावी, आणि तिचे कारण दोन्ही कर्णधारांना तेथल्या तेथे सांगून सामन्याच्या अहवालात लेखी नोंदले जावे. आणि पाचवी गोष्ट, अशा घटनांच्या तपासणीतून जे निष्पन्न होईल ते सर्व राष्ट्रीय संघटनांना आणि खेळाडूंना वाचावयास मिळेल अशा रीतीने प्रसिद्ध करण्याचा आपण परिपाठ ठेवावा.

यातील एकही मागणी खर्चाची नाही, आणि एकही अशी नाही की, जिच्यामुळे पंचांचा अधिकार कमी व्हावा. उलट शिट्टीला तिचे पूर्ण वजन दिल्याने तो अधिकार वाढतोच. कारण जो हुकूम पाळणाऱ्याने पाळला, तो देणाऱ्यानेही पाळला पाहिजे, यातच हुकमाची प्रतिष्ठा आहे. दिलगिरी ही सज्जनपणाची खूण असते आणि आपण ती दाखविलीत. संस्थेचा पश्चात्ताप मात्र नियमाच्या रूपाने कागदावर उतरावा लागतो, नाहीतर पुढच्या वेळी चूक करणारी माणसे वेगळी असतात आणि दिलगिरीचे निवेदन तेच असते. पुढे कधीतरी, कोठल्यातरी मैदानावर, भारताची, ऑस्ट्रेलियाची किंवा आणखी कोणत्या देशाची गोलरक्षक शिट्टी ऐकून पुढे धावेल आणि आपले काम फत्ते करील. त्या वेळी तिच्या कामावर घड्याळ चालविणाऱ्याची चूक लादली जाणार नाही, अशी हमी तिला आपल्या नियमपुस्तकातून मिळाली पाहिजे, आणि ती देण्याचा अधिकार आज आपल्याच हाती आहे. तो आपण वापरावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक हॉकीप्रेमी मराठी लेखक